पाचशेतल्या बारा म्हणी

लाहोरच्या उर्दू बाजारात आधी कव्हर छापतात आणि मग पुस्तक लिहितात. मास्तर सिब्तैन हैदर यांच्या पुस्तकाचंही तसंच झालं. ‘पाचशे इंग्रजी म्हणी, उर्दू जोडीसकट’ असं लाल अक्षरांत छापून झालं आणि मास्तरांकडे म्हणी निघाल्या चारशे अठ्ठ्याऐंशी.

मी तेव्हाही त्यांचा कंपोझर होतो, आजही आहे. मास्तर शाळेतून थेट प्रकाशकाच्या दुकानात यायचे, चहा बशीत ओतायचे आणि मजकूर सांगायचे. वाईट कारागीर हत्यारांना नावं ठेवतो, असं इंग्रज म्हणतो. त्याच्यासमोर आपलं नाचता येईना अंगण वाकडं. जोडी चपखल बसली की मास्तर असे खूश व्हायचे, जणू स्वतःच्या मुलीचं लग्न जमवलंय.

उरलेल्या बारांसाठी प्रकाशक शेखसाहेबांनी तगादा लावला. तिसऱ्या दिवशी मास्तर कागद घेऊन आले. मी टाइप करता करता थांबलो. “पाहुणा उठून गेला की साखर सापडते. मास्तर, ही म्हण इंग्रजांची?”

“तू टाइप कर.”

“तंदूर विझल्यावर कणीक मळायला बसली. इंग्रजांकडे तंदूर कधीपासून?”

“रियासत मियाँ, तुझी बोटं भाड्याने घेतलीत, तोंड नाही.”

ते शब्द नफीसा भाभींचे होते. मास्तरांच्या घरी मी दहा वेळा जेवलोय, त्यामुळे मी ते ओळखले. भाभी चुलीपाशी बसून दिवसभर असंच बोलत असत, निम्मं मास्तरांना उद्देशून. मास्तरांनी त्या उर्दू बोलांवरून उलटं इंग्रजी शिवलं आणि डावीकडे, इंग्रजी म्हणींच्या रकान्यात बसवलं. जोड्या इतक्या बेमालूम जुळल्या, की अकरा वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. पुस्तक शिक्षण बोर्डाच्या मान्य यादीत गेलं. मास्तरांचं सारं मिरवणं तेवढंच. यादीचा कागद ते खिशात घडी करून ठेवत आणि लग्नकार्यातसुद्धा दाखवत.

मग मॅट्रिकच्या पेपरात कुणीतरी ती साखरेची म्हण विचारली. बोर्डातले एक म्हातारे प्रोफेसर भडकले. त्यांचं पत्र आलं: ‘चाळीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, ही म्हण कधी ऐकली नाही. पंधरा दिवसांत आधार दाखवा, नाहीतर पुस्तक यादीतून जाईल.’

शेखसाहेबांना घाम फुटला नाही, कारण आमच्या बाजारात याच्यावर जुनं औषध आहे. “लिही रे,” ते मला म्हणाले, “कंपोझिंगची चूक. बारा ओळी नजरचुकीने घुसल्या, पुढच्या आवृत्तीत काढू. बोर्डालाही तेच हवं असतं.”

माझं डोकं फिरलं. तीस वर्षांत या बाजारातल्या किती विद्वानांचं अज्ञान माझ्या नावावर जमा झालंय, ते मलाच माहीत. पण पोटाचा प्रश्न होता. मी मुकाट्याने टाइप केलं आणि कागद मास्तरांपुढे सहीला ठेवला.

मास्तरांनी पेन उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. “चूक,” ते म्हणाले. “नफीसाला चूक म्हणून सही करू?”

“भाभींचं नाव कुठंय त्यात?” शेखसाहेब वैतागले. “सही नाही केलीत, तर यादी विसरा.”

“तिनं हे वाचलं नाही तरी मी वाचलंय ना.” त्यांनी कागद फाडला. “रियासत, लिहून घे. आधार: नफीसा बेगम, माझी पत्नी, राहणार कृष्णनगर. बोल तिचे, इंग्रजी माझं. चूक असलीच, तर ती इंग्रजीत असेल.”

पुस्तक यादीतून गेलं. खिशातला कागद मास्तरांनी कुठे टाकला, ठाऊक नाही. त्यांचा हात मात्र सवयीने तिथे जायचा, आणि मला ते बघवत नसे.

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. शेवटी मीच एका दुपारी पुस्तक घेऊन गेलो आणि बाराच्या बारा भाभींना वाचून दाखवल्या. त्या पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या.

“अकरावी माझी नाही, सासूबाईंची आहे,” त्या म्हणाल्या. मग पुस्तकाकडे बघून, “आणि या म्हणी पोरांनी पाठ केल्या? परीक्षेला?”

“अख्ख्या पंजाबातल्या, भाभी.”

भाभी उठल्या. हात धुतले, ओढणीने डोळे पुसले.

“आज त्यांना दुकानात बसवून ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या. “लवकर घरी पाठव.”