मुकादमबाईंचं नाव यादीत आलं

इम्तियाजचा फोन सकाळी साडेसातला आला. "काका, आई गेली." एवढंच म्हणाला. बोरिवलीहून दहिसरला जायला मला फार वेळ लागला नाही. बाईंना दुपारच्या नमाजनंतर न्यायचं होतं. त्यांच्या त्या भाड्याच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर, बाईंची निळी कापडी पिशवी लटकत होती. तिच्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. इम्तियाज म्हणाला, "काल संध्याकाळीसुद्धा विचारत होती, यादी लागली का म्हणून." मी मान खाली घातली. या घटनेला आता पाच आठवडे झालेत. मान अजून वर आलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

रुकय्या मुकादम मूळच्या दापोलीच्या, महापालिकेच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका. मालाडच्या आमच्या चार मजली सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी तिसऱ्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून त्या मला 'सेक्रेटरी'च म्हणायच्या, अगदी माझ्या बायकोसमोरसुद्धा. मतदानाच्या दिवशी आमची शर्यत असायची. बूथ सातला उघडायचं. मी सव्वासहाला पोचलो तरी इस्त्रीची पोपटी साडी नेसून बाई रांगेत पहिल्या उभ्या. "उठलात का सेक्रेटरी? मला वाटलं दुपारी याल." इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हरवू शकलो नाही. मत कुणाला दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला कधी विचारलंही नाही.

नोकरीत असताना त्यांना मतदार यादीचं काम लागायचं. बाकीचे शिक्षक त्या कामाच्या नावाने बोटं मोडायचे, बाई मात्र उन्हातान्हात जिने चढायच्या. एकदा मी म्हटलं, "दाराला कुलूप असलं की लिहून टाका ना, स्थलांतरित. कोण बघतंय?" त्या जिन्यातच थांबल्या. "कुलूप दिसलं म्हणून नाव कापायचं नसतं. माणूस कामावर असतो, गावाला असतो, दवाखान्यात असतो. तीनदा जायचं. तीन वेगळ्या वेळांना. मग पेन उघडायचं." मी हसलो होतो. शिक्षिका शेवटी शिक्षिकाच, असं घरी येऊन बायकोला सांगितलं होतं.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. चोवीस घरं रिकामी झाली, सगळे भाड्याने पांगले. आम्हाला बोरिवलीत आठ दिवसांत घर मिळालं. बाईंना अडीच महिने लागले. दलाल आधी घर दाखवायचे, आडनाव विचारायचे, आणि मग घरमालकाचा पुतण्या अचानक राहायला येणार असायचा. मी हळहळलो. हळहळायला पैसे पडत नाहीत.

त्याच पावसाळ्यात विभागातला एक ओळखीचा गृहस्थ घरी आला. दर गणपतीला वर्गणीला येणारा. हातात कागद. "काका, फॉर्मॅलिटी आहे. पत्त्यावर राहत नाहीत अशांची नावं आहेत. सेक्रेटरी म्हणून सही ठोका ना." टीव्हीवर मॅच चालू होती. मी सही केली, कपाटातून सोसायटीचा शिक्का काढून मारला, शाई वाळावी म्हणून वर फुंकरसुद्धा घातली. त्याला चहा पाजला.

निवडणुकीच्या दिवशी मी मालाडच्या शाळेतल्या आमच्या जुन्या बूथवर पोचलो तेव्हा बाई नेहमीप्रमाणे पहिल्या होत्या. दहिसरहून आलेल्या, तीच पोपटी साडी. सात वाजता आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. बोटाला शाई नव्हती. "नाव वगळलंय म्हणतात. तुमचं बघा." माझं होतं. माझा पत्ताही त्याच पाडलेल्या इमारतीचा होता, तरी होतं. मी मत देऊन बाहेर आलो तेव्हा बाई फाटकाशी थांबल्या होत्या. माझं बोट पाहून म्हणाल्या, "चला, तुमचं तरी झालं." मी ते बोट खिशात घातलं.

महिनाभर कचेरीत खेटे घातल्यावर त्यांना कागद पाहायला मिळाले. सात नंबरचे फॉर्म, नाव वगळा म्हणून. अकरा नावं, तीन कुटुंबं. चोवीसच्या चोवीस घरं रिकामी होती, पण कागदावर तीनच होती, आणि त्यांची आडनावं कुठली ते सांगायला नको. हरकत असेल तर कळवा अशी नोटीसही रीतसर पाठवलेली होती, पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर. खाली माझी सही, माझा शिक्का. बाईंचा फोन आला. "न वाचता केलीत ना?" मी घाईघाईने हो म्हटलं. "वाचून केली असतीत तरी हेच म्हणाला असतात." मग शांतपणे म्हणाल्या, "खोटं काही नाही त्यात. मी राहत नव्हतेच तिथं. पण तुम्ही तरी कुठं राहत होता?"

त्यानंतर त्यांनी मला कधी सेक्रेटरी म्हटलं नाही. सावंतसाहेब म्हणायच्या. नाव परत घालण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता; त्याच्या सुनावणीला मी सोबत जायचो, त्या नको म्हणायच्या नाहीत, पण चहाला मात्र थांबायच्या नाहीत. एकदा टेबलामागच्या माणसाने विचारलं, "मूळच्या कुठल्या?" "दापोलीच्या." "तसं नाही, मूळच्या?" बत्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलेल्या त्या बाईंनी उलट विचारलं, "तुमचं मूळ कुठलं हो? आधी ते सांगा, मग मी आठवते." तो हसला आणि पुढची तारीख दिली. त्या निळ्या पिशवीत शाळेचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, जुन्या याद्यांच्या झेरॉक्स, सगळं त्या प्रत्येक वेळी घेऊन जायच्या. मी शेजारी बसून असायचो. मी केलेलं निस्तरायला त्या जिने चढत होत्या, आणि त्यांना दम लागत होता हे मला दिसत होतं.

त्या गेल्यानंतर तीन आठवड्यांनी यादी लागली. नाव आलं होतं. फोटोसकट, अगदी बिनचूक. रुकय्या मुकादम, स्त्री. मी ते पान हातात घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलो आणि रडलो. मला कुणाचा राग आला होता ते सांगतो. माझाच.

परवा इम्तियाज आला. आईच्या मृत्यूचा दाखला घेऊन. गेलेल्या माणसाचं नाव काढायला तोच सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. इम्तियाजचं नाव अजून परत आलेलं नाही. "काका, तुम्हीच भरा," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

फॉर्म कपाटात आहे, शिक्क्याच्या शेजारी. या खेपेला त्यातलं अक्षर न् अक्षर वाचलंय, सगळं खरं आहे. मी दहिसरला जाऊन आलो. एकदा सकाळी, एकदा दुपारी. इम्तियाज कामावर गेलेला, दाराला कुलूप. बाईंच्या नियमाने अजून एक खेप राहिली आहे. ती मी घालणार नाही, आणि ती घातल्याशिवाय पेन उघडणार नाही.