नऊ पट्ट्यांची वाट

केरबाच्या बापाला जिथं माती दिली, तिथं आता ऊस आहे. कडेगावच्या खाली, पाटाच्या अंगाला. पौषात त्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. म्हातारा संध्याकाळी भाकरी खाऊन घोंगड्यावर आडवा झाला, तो सकाळी उठला नाही. रानमालक चांगला माणूस होता, त्यानं बांधाच्या कडेला खड्डा घेऊ दिला. वर तीन दगड ठेवले. पुढच्या वर्षी केरबा कळप घेऊन आला तेव्हा दोन दगड होते. त्याच्या पुढच्या वर्षी बांधच सरकला होता.

लग्न झाल्यापासून हरणाबाईनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की तो खड्डा तिनं स्वतः खणल्यासारखा तिला आठवायचा. सगळं सांगून झालं की केरबा शेवटी एकच म्हणायचा, "कुठंबी फिरीन. पर मरायला घरी. वाटंवर न्हाई."

घर म्हणजे वडूजच्या पलीकडं माळावरच्या दोन खोल्या, म्होरं अंगण आणि एक कडुलिंब. दिवाळी झाली की ते घर सोडायचं, मेंढरं उसाच्या मुलखातनं कृष्णाकाठी न्यायची, आणि मिरगाच्या आधी परत यायचं. चाळीस वर्षं दोघं अशी चालली. मग केरबाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, मुलानं, इंद्रजितनं, कळप विकून टेम्पो घेतला, आणि वाट बंद झाली.

पायांची बंद झाली, डोक्यातली नाही. नजर गेल्यावर दोन वर्षांनी केरबाचं मन सुटायला लागलं. दिवसभर तो बाजेवर गप पडून असे. दिवस कलला की उठून काठी शोधी. "चला, मुक्काम गाठायचाय." हरणाबाईनं सांगावं, आवं, घरातच हाय आपण. त्यानं हसावं. "घरात काय काम हाय आपलं ह्या दिसांत?" एकदा तो ओढ्यात पडलेला सापडला. गुडघा फुटला होता. तिनं उचलून बसवला तेव्हा म्हणाला, "हरणे, हितं मी मेलो तर मला गाडून फुडं जाशील. बापाला सोडून गेलो मी."

त्या दिवशी तिला कळलं की त्याला घरात ठेवून उपयोग नाही. त्याला घरी पोचवलं पाहिजे.

कसं पोचवायचं, ते तिला एका कुसळानं दाखवलं. ती वाकळ शिवत बसली होती आणि तो शेजारी चुळबुळत होता. हाताला चाळा म्हणून तिनं जुन्या घोंगड्याचा तुकडा त्याच्या मांडीवर टाकला. त्यात कुठलंसं गवताचं कुसळ अडकलं होतं. ते बोटाला टोचल्याबरोबर केरबा थांबला. दोन वेळा चाचपलं. "कुरणाला लागलो व्हय," म्हणाला आणि निवांत झाला.

पुढचं एक वर्ष ती त्या कापडावर बसली. लवकर होण्यासारखं ते काम नव्हतं, कारण प्रत्येक वस्तूला तिचा महिना होता. तळाला घोंगडं घेतलं, सव्वा हात रुंद, साडेतीन हात लांब. त्यावर नऊ आडव्या पट्ट्या पाडल्या. पहिलीत बाजरीच्या कणसांचे तुकडे, घर सोडतानाच्या दिवसांचे. दुसरीत थंडी. दव काही शिवता येत नाही, म्हणून तिनं आपली काचमण्यांची जुनी माळ तोडून एकेक मणी बसवला, हाताला गार लागतो तसा. तिसरीत कडेगावच्या उसाचं पाचट. ते इंद्रजितनं टेम्पोतनं आणून दिलं, "म्हातारीला खूळ लागलंय" असं बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. चौथी सांगलीकडची. हळदीत उकळलेलं फडकं, आत हळकुंडाचे तुकडे. दिसायचं कुणाला, पण वास येई. पाचवी पट्टी कृष्णाकाठ. तिथं मोडक्या छत्रीचं कापड ताणून लावलं. गुळगुळीत, गार, बोट सुळकन सरकेल असं.

तिथनं नदी ओलांडून वाट घराकडं वळायची. सहावीत चैत्राच्या कातरणीची न धुतलेली लोकर, मेंढराच्या अंगच्या तेलासकट. सातवीत बाभळीचे काटे, टोकं दगडावर घासून. आठवीत चिंचोक्यांच्या ओळी. नववी पट्टी घर. अंगणातली माती चिंचोक्याच्या खळीत कालवून तिनं गोणपाटावर लिंपली, लिंबाच्या सालीचा तुकडा टाचला, आणि अगदी कडेला म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी बांधली.

रोज दिवस कलला की ती कापड त्याच्या मांडीवर पसरायची. त्याची बोटं निघायची.

"बाजरी गेली. आता थंडी. हरणे, घोंगडं घे."

"घेतलंय."

"पाचट लागलं बघ. बापाचं रान." इथं तो जरा थांबे. मग पुढं जाई. हळद हुंगी, नदी ओलांडी, लोकर मुठीत धरी. काट्यांवर आला की त्याचा आवाज सुधारायचा. "तुझं माहेर आलं. हितलं पाणी खारं आन् माणसंबी."

"तुमाला गोड मिळाली व्हती की एक."

"ती उन्हात वाळली म्हणून."

आणि शेवटी घंटी वाजे. तो मान टेकवी. "पोचलो," म्हणे आणि झोपी जाई. दीड वर्षात एक संध्याकाळ चुकली नाही. घंटी वाजली की हरणाबाई चुलीपुढं उठे, जणू तोवर तीसुद्धा वाटेवरच होती. कधी ना कधी घंटीनंतर तो उठणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तेवढंच तिला हवं होतं.

राजेश्वरी सांगलीत मुलांना चित्रकला शिकवायची. जुन्या वाकळी बघत ती गावोगाव हिंडत होती, तशी वडूजच्या बाजारात कुणी सांगितलं म्हणून या घरी आली. कापड बघून ती खाली बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. हरणाबाईला हे आवडलं. बघून लगेच बोलणारी माणसं तिला आवडत नसत.

"आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? वाट हाय ती."

"सांगलीत आम्ही प्रदर्शन भरवतोय, ऋतूंवर. आठ दिवसांसाठी द्याल का? मी स्वतः आणून देईन."

हरणाबाई नाहीच म्हणणार होती. पण दीड वर्षात पहिल्यांदाच केरबा आठवडाभर तापानं निपचित होता, हात हलवत नव्हता. आणि पोरगी त्याच्या पाया पडली होती, त्याला विचारून कापडाला हात लावला होता. आठ दिवसांत ताप उतरेल, तोवर येईल कापड, असा हिशेब तिनं केला.

घडी घालून देताना मात्र तिनं कापड जरा धरूनच ठेवलं. घोंगडं म्हटलं की माणूस त्यावर बसणार. शहरातली माणसं तर चप्पल घालून घरात फिरतात. ह्या पोरीला कसं बजावावं? धनगराच्या घरात बजावायचं असलं की एकच शब्द असतो. बिरोबाचं ठाणं घोंगड्यावर असतं. त्या घोंगड्याला पाय लागत नाही, परका हात लागत नाही.

"ह्ये देवाचं हाय, बाई," हरणाबाई म्हणाली. "पाय लावू देऊ नगा कुणाला."

ते देवाचं नव्हतं. आयुष्यात देवाच्या नावानं ती एवढं एकच खोटं बोलली.

राजेश्वरीनं घडी कपाळाला लावून घेतली.

पाचव्या दिवशी केरबाचा ताप उतरला. सहाव्या संध्याकाळी त्याची बोटं मांडीवर फिरायला लागली. मांडीवर धोतराशिवाय काही नव्हतं. "आपण कुठं हाय?" तो विचारी. हरणाबाई तोंडानं वाट सांगे, बाजरी, थंडी, पाचट. त्याला ते पटत नसे. "तोंडानं कोण चालतंय व्हय?"

आठाचे अकरा झाले. इंद्रजितनं फोन लावून दिला.

"आजी, लोक खूप येतायत हो. अजून आठ दिवस वाढवलंय. तुमच्या कामाला पहिला मान मिळालाय."

"मान असू दे. कापड धाडा."

"धाडते ना. अगदी जपून ठेवलंय. तुम्ही सांगितलंत तसं. कुणाचा हातसुद्धा लागू दिला नाही."

या शेवटच्या वाक्यानं हरणाबाईला बरं वाटलं होतं, हे तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

एकविसाव्या दिवशी दुपारी गाडी आली. राजेश्वरी आणि ड्रायव्हर, दोघांनी मिळून जाडजूड काहीतरी उतरवलं आणि भिंतीला टेकवलं. सागवानी चौकट, पुढं काच. काचेच्या आत कापड, इस्त्री केल्यासारखं सरळ. खाली छापील चिठ्ठी होती. इंद्रजितनं वाचली, "ऋतुचक्र."

"आतलं काढायचं कसं?" हरणाबाईनं विचारलं.

राजेश्वरीचा चेहरा बदलला. "काढायचं? आजी, ते प्लायवर चिकटवलंय. पक्कं. देवाचं आहे म्हणालात, म्हणून मीच काच घालायला सांगितली. लोक हात लावायला बघत होते."

हरणाबाईनं पट्ट्या मोजल्या. आठ भरल्या.

"घर कुठं गेलं?"

नववी पट्टी जाड होती, मातीची होती, काच बसेना. चौकटवाल्यानं ती मागं दुमडून चिकटवली होती. घंटी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिली होती. राजेश्वरीनं ती पिशवी पर्समधनं काढून दोन्ही हातांनी पुढं केली.

आत केरबानं माणसांचा आवाज ऐकला होता. "आलं का गं?" तो ओरडला. आणि कुणी काही करायच्या आत बाजेवरनं उतरून, भिंत धरत, दारापाशी आला. इतके दिवस थांबलेला माणूस. त्याचे दोन्ही हात पुढं होते. ते थेट काचेवर पडले.

हात काचेवरनं घसरले. वर गेले, खाली आले. गार, गुळगुळीत.

"नदी," केरबा म्हणाला. "कृष्णाकाठ आला." त्यानं पुन्हा हात फिरवला, उजवीकडं, डावीकडं, पार चौकटीपर्यंत. "लय पाणी हाय, हरणे. पैलतीर न्हाई लागत."

राजेश्वरी तोंडाला पदर लावून अंगणात गेली. दोष पोरीचा नव्हता. 'देवाचं' हा शब्द हरणाबाईचाच होता.

त्याच संध्याकाळी इंद्रजितनं पाना-पक्कड घेऊन चौकट उसकटली. काच निघाली. कापड निघेना. हरणाबाईनं गरम पाण्याचं फडकं लावून, सुरीनं, वीत-वीत करत ते सोडवलं. काटे मोडले. नववी पट्टी मागनं सुटली ती फळीसारखी ताठ झालेली. माती डिंकाखाली गेली होती. तिनं ती केरबाच्या बोटांखाली सरकवली.

"ह्ये काय?"

"अंगण हाय. आपलं."

"अंगण कवापासनं फरशीचं झालं?" तो म्हणाला. "थट्टा करू नगंस. पाणी उतरू दे, मग निघू."

तिनं घंटी वाजवली. त्यानं कान टवकारले. "म्होरक्या हाय आपला. पलीकडं हाय. लय लांबनं वाजतंय."

तिनं खऱ्या अंगणातली मूठभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती चुरली, हुंगली. "मळीची माती," म्हणाला. "नदीची."

आता त्याला कुठलीच घाई राहिली नाही. तो काठी मागेना, चुळबुळ करेना. इंद्रजितची बायको म्हणाली, बरं झालं, शांत झाले मामंजी. फक्त हरणाबाईला दिसत होतं की तो काठावर बसलेल्या माणसासारखा बसतो. मान जराशी वाकडी, कान पाण्याकडं.

नवव्या दिवशी, दिवस कलताना, त्यानं तिचा हात धरला. "पाणी काय उतरत न्हाई. तू मेंढरं घेऊन जा फुडं."

"मी न्हाई जायची."

"जा. मिरीग तोंडावर आलाय." मग हात न सोडता म्हणाला, "दगड तीन ठेव. हालतील असं ठेवू नगंस."

माळावरची सगळी माणसं आली. जो तो इंद्रजितच्या खांद्यावर हात ठेवून एकच म्हणत होता: नशीबवान म्हातारा, म्हणत व्हता तसा गेला, सवताच्या घरात. कृष्णाकाठनं दोनदा आजारी परत आला, पर गेला घरीच. नानासो नावाचा केरबाचा जुना जोडीदार हरणाबाईपुढं बसला आणि म्हणाला, "वैनी, रडू नगा. बाप वाटंवर ऱ्हायला त्याचा. ह्यो पोचला की."

हरणाबाईनं मान हलवली.

माती द्यायच्या आधी ती आत गेली आणि मेंढरं कातरायची कातर घेऊन कापडापाशी बसली. छत्रीचं कापड संपतं तिथं तिनं कातर घातली. डिंकामुळं कापड करकर वाजत होतं. नदीपुढच्या चार पट्ट्या वेगळ्या झाल्या: लोकर, काटे, चिंचोके, घर. घंटी तिनं कडेला पुन्हा बांधली, दोन गाठी मारून. खड्ड्यात तो तुकडा तिनं त्याच्या उजव्या हाताखाली ठेवायला लावला, लोकरीची बाजू बोटांकडं करून.

"ह्ये काय गं आये?" इंद्रजितनं विचारलं.

"ऱ्हायलेली वाट," ती म्हणाली.

वर तीन दगड ठेवले. मोठे, टेम्पोतनं आणलेले.

उरलेल्या पाच पट्ट्या घरात आहेत. राजेश्वरीचे दोन फोन आले, एक माफीचा, एक नुसताच. हरणाबाई आता काही शिवत नाही. दिवस कलला की चुलीपुढनं उठून कापड मांडीवर घेते. बाजरी, थंडी, पाचट, हळद. छत्रीच्या कापडावर बोट सुळकन सरकतं आणि कापलेल्या कडेशी थांबतं. तिथं ती बसून राहते, पार अंधार पडेपर्यंत, घंटीकडं कान लावून.