इंजिनावर दळलेली हळद

आमच्या घरी विलायतेचं इंजिन आलं तेव्हा वेशीपासून त्याच्यापुढं हलगी वाजत होती, अन् मी आत चुलीपाशी बसून पुरण वाटत होते. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो इतकी वर्सं लोटली तरी निवलेला न्हाय. हसा खुशाल. बायांना बायांचा हेवा वाटतो, मला लोखंडाचा वाटला.

मी त्या घरात उडकीची. आमच्या लिंगायतात बाईचं दुसरं लग्न लावतात त्याला उडकी म्हणतात, बाकीचे लोक पाट म्हणतात. माझा पहिला नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेला. इकडं मालकांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, मागं एक तान्ही पोर ठेवून. दोघांचंही अडलेलं, म्हणून जुळलं. पण उडकीला मांडव न्हाय, वाजंत्री न्हाय. दिवे लागल्यावर मला गुपचूप घरात घेतलं, झालं लग्न. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "घर तुझं, चूल तुझी, लेकरू तुझं. पण शुभकार्यात पुढं पुढं करायचं न्हाय." म्या मान डोलावली. लेकरू मांडीवर आलं होतं, मला तेवढंच लई वाटलं.

मग मालकांच्या डोक्यात पिठाची गिरणी शिरली. येरमाळ्याच्या आमच्या बाजूला तेव्हा गिरणी नव्हती, बाया जात्यावर खांदे मोडून घेत होत्या. नवं इंजिन आपल्या आवाक्यातलं न्हाय, म्हणून मालकांनी मुंबईच्या एका दलालाला जुनं बघायला सांगितलं. त्यानं विलायतेतलं शोधलं. तिथल्या कुठल्याशा कारखान्यात ते चालून चालून बाजूला काढलेलं होतं. ते बोटीवर चढलं अन् तिकडं लढाई सुरू झाली. समुद्रात बोटी बुडवायला लागलेत, अशी बातमी बार्शीच्या बाजारातनं आली, अन् मालकांचं अन्नावरचं मन उडालं. सोमवार धरले त्यांनी, त्या बोटीसाठी! मी तापानं फणफणत पडले होते तेव्हा ह्या माणसानं रामलिंगाला साधा नारळ कबूल केला नव्हता. इंजिनासाठी मात्र उपास.

बोट एकदाची लागली. मुंबईहून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथनं छोट्या गाडीनं बार्शी, अन् त्याच्या पुढं निजामाची हद्द. हद्दीवर करोडगिरीची चौकी असायची, तिथं बाहेरच्या मालावर जकात घ्यायचे. मालक तिथं मुन्शीच्या हातापाया पडले म्हणं. "पुराना है साहब, बिलकुल घिसा हुआ. दूसरे का छोडा हुआ माल है." जकात कमी बसावी म्हणून ही सगळी नाटकं. मालकांबरोबर गेलेल्या गड्यानं मला मागनं हुबेहूब करून दाखवलं.

अन् तेच मालक! येडशीच्या ठेसनावर इंजिन उतरवलं, गाड्यांवर चढवलं, बैलांच्या जोड्यांवर जोड्या लावून घाटानं वढत गावात आणलं, अन् वेशीत पाटलांनी विचारलं, "वापरलेलं हाय म्हणं?" तर हे छाती काढून म्हणतात, "चांगल्या घरी चाललेलं हाय. नव्याचा काय भरवसा पाटील? ह्याची पारख झालेली हाय."

माझ्या कानावर हे आलं अन् हातातलं पुरण तसंच राहिलं. का हो, मी काय वाईट घरी चालले होते? माझी पारख झाली नव्हती? उडकीची म्हणून माझ्याकडं बोट दाखवणारं हे गाव, त्या दुसऱ्याच्या घरनं आलेल्या धुडासाठी चौकात पाण्याचे सडे घालत होतं.

आत्याबाईंनी पाच सवाष्णी बोलावल्या. इंजिनाच्या मोठ्या चाकाला हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. ओटीचे तांदूळ चाकाच्या आऱ्यांतनं खाली सांडत होते अन् आत्याबाई, ज्यांना गुडघ्यानं बसवत नव्हतं, त्या वाकून वाकून ते गोळा करत होत्या. मी दाराच्या फटीतनं बघत होते. माझी ओटी त्या घरात कुणी भरली नव्हती. जळ्ळं मेलं ते लक्षण, असं म्हणून मी आत आले अन् पोळ्यांवर राग काढला. पार करपवल्या.

गिरणी जोरात चालली. मिस्त्री दिव्याच्या जाळानं इंजिनाचं डोकं लाल करायचा, मग दोघंजण मिळून चाक ओढायचे, अन् पुक् पुक् पुक् करत ते गावभर ऐकू जायचं. मालक उजाडता उजाडता उठून त्याला पुसायचे. पुसायला माझं एक मऊ झालेलं लुगडं फाडून नेलं, मला विचारलंसुद्धा न्हाय. जेवताना बोलणं इंजिनाचंच. आज कसं गोड चाललं, आज कसं जरा रुसलं होतं. सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. ह्याचं मी काय धरणार होते?

बघता बघता पोर लग्नाला आली. तेव्हा पोरी लवकरच उजवायचे. तिला म्या न्हाऊमाखू घालून वाढवलेली, गोवर निघाला तेव्हा मांडीवरनं खाली ठेवली नव्हती. मला ती अव्वा म्हणायची. तिची खरी आई तिला आठवत पण नव्हती. मला त्या लग्नात दागिना नको होता, लुगडं नको होतं, मान नको होता. तिच्या अंगाला पहिली हळद माझ्या हातानं लागावी, एवढंच माझ्या मनात होतं.

म्या मालकांना म्हणलं, "आत्याबाईंकडं एक शब्द टाका माझ्यासाठी." ते म्हणले, "बघू." करोडगिरीच्या मुन्शीपुढं ज्यांची जीभ उर्दूतसुद्धा चालली, त्यांनी आईपुढं मिठाची गुळणी धरली. दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळेला त्यांना गिरणीत काम निघालं.

लग्नाची हळद सवाष्णींनी जात्यावर दळायची असते. आत्याबाईंनी वेगळंच काढलं. मुहूर्तापुरती जात्यावर, अन् बाकीची आपल्या इंजिनावर. "गावात कुणाच्या लेकीची इंजिनावर दळली न्हाय, आपल्या लेकीची दळायची," असं त्या दारोदार सांगून आल्या. सगळ्या बाया नटून गिरणीत गेल्या. मी पण गेले, मागं उभी राहिले. इंजिन सुरू झालं अन् पिवळीधम्मक हळद गळायला लागली. बाया वास घेत होत्या, चिमटीत धरून बघत होत्या, आत्याबाई इंजिनाच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

इंजिन थांबल्यावर मला राहवलं न्हाय. म्या सगळ्यांसमोर म्हणलं, "आत्याबाई, एक विचारू का? हे पण पहिल्या घरी नांदून आलेलं. ह्यानं दळलेली हळद पोरीच्या अंगाला चालती, मग माझ्या हातानं लावलेली का चालत न्हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीच्यांनी तोंडाला पदर लावले. आत्याबाई फडक्यातनं हळद चाळत होत्या, त्यांचा हात थांबला न्हाय. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, माझी तयारी होती. पण त्या अगदी सरळ, समजूत घालावी तशा म्हणल्या, "अगं, इंजिनाचा नवरा मेलेला नसतो."

म्या मालकांकडं बघितलं. ते इंजिनाचा पट्टा पुसत होते. तो पट्टा त्यांनी आत्ताच पुसला होता.

मी घरी आले. भाकरीला बसले, दुसरं काय करणार? पाव्हणे दारात होते. हळदीच्या दिवशी बाहेर मांडवात सवाष्णी गात होत्या, पोरीला चौरंगावर बसवलं होतं, अन् मी पीठ मळत होते. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. त्या इंजिनाचा, आत्याबाईंचा, मालकांचा, हळद लावणाऱ्या त्या पाच बायांच्या पाच जोडी हातांचा. त्यातली एकसुद्धा तिच्या गोवरात डोकावली नव्हती.

मधीच गाणं थांबलं. "अगं उठू नगं, उठू नगं," असा कालवा झाला. हळद लागलेल्या पोरीनं चौरंगावरनं उठायचं नसतं. अन् पोर आत आली, कपाळापासून पायापर्यंत पिवळी. माझ्यापुढं वाकली अन् तिनं आपला गाल माझ्या गालावर घासला, आधी इकडचा, मग तिकडचा. दारात आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्या पिठाचे हात वर धरले होते, चुकून तिला लागू नयेत म्हणून.

तिनं ते धरले अन् स्वतःच्या तोंडावरनं फिरवून घेतले.