सतरा नंबर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, मैत्रिणींजवळ नाही. आताही लिहायला बसले तर हात मागे येतो. तुम्ही मला ओळखत नाही—म्हणून कदाचित जमेल.

तुम्ही कधी वर्गात दुसऱ्याची हजेरी दिली आहे? मी दिली आहे, खूपदा. मी काष्टीजवळच्या एका वस्तीवरची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. नगरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत मंगल होती, पाथर्डीकडची. तिचे आईवडील दर हंगामाला कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे. ती सकाळी एका खानावळीत चपात्या लाटायची, त्यामुळे पहिला तास तिचा बुडायचाच. मग तिच्या नावाला मी ‘येस सर’ म्हणायचे. तिचा आवाज घोगरा, शेवटी जरा ओढलेला. मला तो हुबेहूब यायचा. खोलीत मी तो काढला की ती पोट धरून हसायची. “आगं, माझी आई बी फसंल!” त्यात काही वाईट आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. माया होती ती—निदान तेव्हा.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात कॉलेजची सहल कळसूबाईला गेली. बारी गावातून सकाळी सातला चढायला सुरुवात केली. आमच्याकडे सगळी सपाट जमीन; मी शेताच्या बांधापेक्षा उंच काही चढले नव्हते. लोखंडी शिडीवर मी मध्येच कठडा घट्ट धरून थांबले. मंगलनं माझी बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली. “खाली बघू नको. माझ्या टाचंकडं बघ अन् ये.” तशी मी वर पोचले. दुपारी देवीच्या देवळापाशी वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. ती एका बाजूला हात करून ओरडली, “तिकडं असंल का गं कोपरगाव? आई-अण्णा तिकडं हायेत.” मी म्हणाले, असेल.

उतरताना तिचे बूट चावायला लागले. बाजारातून घेतलेले, एक नंबर लहान. चढताना चाललं, पण उतारावर अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. ती मागे पडायला लागली.

सहलीबरोबर आलेल्या सरांची पद्धत अशी—आम्ही बत्तीस जण, प्रत्येकाला एक नंबर. प्रत्येक शिडीखाली थोडं उतरून थांबायचं आणि क्रमानं आपापला नंबर ओरडायचा. बत्तीस भरले की पुढे निघायचं. मंगल सतरा, मी अठरा; आमची जोडी. पहिल्या थांब्यावर तिच्यासाठी वीस मिनिटं गेली. मुली मला म्हणाल्या, “काय गं, तुझी मैत्रीण देवीजवळ मुक्कामाला राहिली का?” सगळ्या हसल्या. मीही हसले—हेही लिहायला हवं. सर वैतागून म्हणाले, “आता कुणी मागं राहिलं तर त्याचा जोडीदार परत वर जाऊन आणेल.”

परत वर? त्या शिडीवर?

पुढच्या टप्प्यात मी मुलींच्या घोळक्याबरोबर पुढे निघाले. मंगल म्हणाली, “हळू चल ना गं जरा.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटची शिडी उतरलो. वाट एका कातळाला वळसा घालून जात होती. सर वळणापलीकडे, त्यांचा फक्त आवाज येत होता. सगळ्यांत मागे मी. गिनती सुरू झाली. चौदा. पंधरा. सोळा.

मी वर पाहिलं. शिडी रिकामी होती.

“सतरा.”

घोगरा, शेवटी ओढलेला. माझ्या तोंडून. आणि लगेच, माझ्या आवाजात—“अठरा.”

पुढून कुणीतरी एकोणीस म्हणालं. मी तिथंच उभी. हे इतकं सहज कसं निघालं? मी ठरवलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण सोळा आणि सतराच्या मध्ये मी शिडीकडे पाहिलं होतं ना? पुढे कित्येक महिने मी स्वतःला सांगत राहिले की तिनंच म्हटलं होतं, माझा नंबर तू बोल. तिनं असं काही म्हटलं नव्हतं.

गावात आलो, बसमध्ये बसलो. एक जागा रिकामी. सरांचा चेहरा पांढरा पडला. “अरे, तिनं नंबर दिला! मी माझ्या कानांनी ऐकला!” गावातली माणसं मदतीला धावली. सरांनी त्यांना सांगितलं की शिडीखालच्या थांब्यापर्यंत पोरगी आमच्याबरोबर होती. म्हणून ती माणसं शिडीच्या खालची रानं, खालचे ओढे शोधत राहिली. तासभर. मी बसच्या दाराशी उभी होते. ती वर आहे, एवढे तीन शब्द. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. दुसऱ्याचा आवाज निघाला होता, माझा निघाला नाही.

वर लिंबू सरबत विकणारी एक मावशी दुकान आवरून खाली येत होती. तिला मंगल शिडीच्या वरच्या अंगाला सापडली, अनवाणी, घसरून पाय मोडलेला. दिवस मावळताना चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीतून गावात आणलं. मावशी आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, “हाका मारून मारून पोरीचा घसा बसलाय. एकाला बी मागं वळून बघावंसं वाटलं न्हाई व्हय?”

मंगल म्हणत राहिली, मी गिनतीला नव्हतेच. सर म्हणत राहिले, मी ऐकलं. ते खोटं बोलत नव्हते. मग कॉलेजात कुजबुज सुरू झाली—नंबर देऊन परत वर गेली ती कुणाला भेटायला? आधी दबक्या आवाजात, मग तिच्या तोंडावर. कॉलेजनं तिच्याकडे माफीनामा मागितला: मी न सांगता गट सोडला, असं लिहून दे, नाहीतर वसतिगृह सोड. ती म्हणाली, “मी गेलेच न्हाई कुठं, तर लिहू काय?”

त्या संध्याकाळी प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून तिनं मला विचारलं, “सतरा कोन बोललं गं?”

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. “सरांना भास झाला असेल.”

“व्हय,” ती म्हणाली. तेवढंच. तो आवाज कुणाला काढता येतो, हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत होतं? तिनं माझं नाव कुणालाच सांगितलं नाही. का, ते मला आजही कळत नाही.

चार दिवसांनी तिचे वडील आले, तोड सोडून. हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. वसतिगृहाच्या बाईंच्या परवानगीनं वर खोलीत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“पोरी, तू हुतीस तिच्यासंगं. माझी पोर खोटं बोलत न्हाई. पर सर तरी कशाला खोटं बोलतील? तू सांगशील ते मी खरं धरतो. तू म्हन, पोर खरी हाय—मी सायबाच्या दारात बसतो, हालत न्हाई.”

मंगल खाटेवर बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हणाले, “मी पुढं होते, काका. मला नाही माहीत.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. “चल, बाय.”

मी तीन वर्षं पूर्ण केली. आता एम.ए. करते आहे. ती कुठल्याच कॉलेजात परत गेली नाही.

ती गेली त्या दिवशी तिच्या एका हातात कुबडी होती, जिन्याला कठडा नव्हता, वडिलांचे दोन्ही हात पेटीला. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरायला हवं होतं. मी दारात उभी राहिले. ती खाली बसली आणि एकेक पायरी सरकत उतरत गेली. मी शेवटच्या पायरीपर्यंत पाहिलं.