गोऱ्यांच्या आळीत तीन दिवस राहून घेतलेलं घर

"घर बघून कळत नाही. तीन दिवस राहा, मग बोला." मिसेस डॉसननी असा निरोप पाठवला आणि आमच्या चाकणच्या घरात खळबळ उडाली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. माझे यजमान उस्मान चाकणला मोटारी दुरुस्त करायचे. मी सातवी पास, लग्नाला चार वर्षं झालेली. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने येणार असं जो तो म्हणत होता, म्हणून उस्मानना दुकान तिकडे हलवायचं होतं. मिसेस डॉसन त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. आकुर्डीच्या माळावर गोऱ्यांचे सहा बंगले होते, त्यांतल्या एकात त्या एकट्या राहायच्या. आता मुलीकडे विलायतेला निघाल्या होत्या आणि घर विकायचं होतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही अम्मी म्हणायचो. त्या म्हणाल्या, "गोऱ्यांच्यात राहायचं? सकाळ-संध्याकाळ कुणाकुणाला सलाम ठोकायचा?" पण तीन दिवसांचे कपडे सगळ्यांच्या आधी त्यांनीच बांधले. "मी नसले तर तुम्ही दोघं भुलून याल." (घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मराठीतच सांगते.)

मेमसाबची मोटार दुरुस्तीला आमच्याकडेच होती. ती पोचवायची होती, म्हणून जाणं थाटात झालं. चाकण-तळेगाव रस्ता तेव्हा बराचसा खडीचा. आज त्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे तासभर उभं राहावं लागतं. आम्हाला दोन ट्रक आणि मेंढरांचा एक कळप लागला. इंदोरीला इंद्रायणी ओलांडली, तळेगावात पुरीभाजी खाल्ली आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या डांबरावर चाकं लागली तेव्हा कुठे अम्मींनी डोळे उघडले.

आळीच्या तोंडाशी मोटार थांबली आणि मी उतरून नुसती उभी राहिले. दोन्ही बाजूंना तीन-तीन कौलारू बंगले, मधे लाल मुरुमाची वाट. भिंती कुठेच नाहीत, कमरेएवढी मेंदीची कुंपणं. प्रत्येक फाटकावर लाकडी पाटी, आणि तिच्यावर मालकाचं नाव नाही, घराचं! माणसासारखं घराला नाव असतं हे मला माहीतच नव्हतं.

मिसेस डॉसन बारीक, ताठ, पांढऱ्या केसांच्या. उस्माननी हात पुढे केला होता, तरी किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या हातात दिला. "तीन दिवस स्वयंपाकघर तुझा. मी पाहुणा," त्या म्हणाल्या. तीस वर्षं इथं काढूनही त्यांचं मराठी असंच होतं.

तुम्ही घर घ्यायला निघाला असाल तर माझं ऐका, उन्हाकडे बघा. चाकणला आमच्या स्वयंपाकघरात भरदुपारी रॉकेलची चिमणी लावावी लागे. इथं सकाळी ऊन ओट्यावर यायचं, दुपारी दिवाणखान्यात, आणि चारच्या सुमाराला मागच्या पडवीत जाऊन बसायचं. मी दिवसभर त्याच्या मागे फिरले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर ठेवायचं काही नाही, वाळत घालायचं काही नाही. बाईमाणसानं काम करता करता बसावं म्हणून ठेवलेली! मी भाकरी थापल्या आणि तिच्यावर जाऊन बसले. मला कुणी ऊठ म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मी वाटेवर फेरी मारायला निघाल्या. समोरून शेजारचे म्हातारे साहेब आले, त्यांनी हॅट काढली, मान लववली आणि पुढे गेले. अम्मी जागच्या जागी खिळल्या. "ह्याला काय झालं?"

"तुम्हाला सलाम केला त्यांनी," मी म्हणाले.

"मला?" अम्मींनी वळून पाहिलं. साहेब वळणावर दिसेनासे होईपर्यंत त्या पाहत राहिल्या.

आकुर्डी गावातली दूध घालणारी काशीबाई मात्र भीड न ठेवता विचारत होती. "बाय, तुमी हितं ऱ्हानार व्हय? ऱ्हावा की. ही मान्सं चांगली हायती, पन बोलत न्हाईत. आमाला बोलायला कोन तरी पायजेच."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलाशी उस्मान म्हणाले, "मेमसाब, घर पसंत आहे."

"छान. पण कागद हिच्या नावाने," मिसेस डॉसननी माझ्याकडे बोट केलं. "नाहीतर मी नाही विकणार."

उस्माननी कप खाली ठेवला. "मेमसाब, पैसा माझा आहे. लोक काय म्हणतील?"

"माझ्या साहेबाने आमचा पहिला घर विकला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला कधी कळला? सामान न्यायला गाडी आली तेव्हा. हा घर मी पियानो शिकवून घेतला, माझ्या नावाने. इथून मला कोणी काढला नाही."

उस्मान उठून बाहेर गेले. खरं सांगते, मीही म्हणणार होते की राहू द्या, त्यांच्याच नावानं करा. घर हातचं जाऊ नये एवढंच मला कळत होतं. तेवढ्यात अम्मी उठल्या आणि मुलामागे पडवीत गेल्या. मीही दारापर्यंत गेले.

"जुन्नरला माझ्या बापाच्या घरात माझा वाटा होता," त्या उस्मानना सांगत होत्या. "भावांनी कागद आणला, मी अंगठा दिला. हक्क सोडला. आता त्याच घरी जायचं तर आधी निरोप पाठवून, येऊ का म्हणून विचारावं लागतं. हिच्या नावावर कर."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "तुला भीती कसली? ही तुला घराबाहेर काढणार आहे? आणि काढलंच, तर तू तसंच काहीतरी केलं असशील."

उस्मान आळीच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग आत येऊन मला म्हणाले, "नाव कसं लिहायचं? माझं नाव लावून की वडिलांचं?"

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला कुणी विचारला होता. मिसेस डॉसननी पेन उघडून कागद पुढे ओढला आणि थांबून राहिल्या. मी माझं नाव मोठ्यानं सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

परतीला मोटार नव्हती. चिंचवड स्टेशनपर्यंत टांगा, तिथून तिसऱ्या वर्गानं तळेगाव, पुढे एस.टी.; तिघांचं मिळून रुपया-दीड रुपयात भागलं. खरेदीखत पुढे पुण्याला झालं. त्या घरात मी एकतीस वर्षं राहिले. आता आळी नाही, माळही नाही.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चाकणला पोचलो. शेजारणी न्हाणीघराबद्दल, काचांच्या तावदानांबद्दल विचारत होत्या आणि अम्मी रंगवून सांगत होत्या. उस्मान माझ्याजवळ आले. जरा घुटमळले. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"तुझ्या घरात," ते म्हणाले, "माझं दुकानाचं थोडं सामान ठेवलं तर चालेल?"

मी विचार केला. घाई न करता, पूर्ण विचार केला.

"मागच्या बाजूला ठेवा," मी म्हणाले.