मुक्कामी जहाजावरची आत्या

आमच्या आत्याला गाडी लागायची. असं म्हटलं की लोक म्हणतात, "त्यात काय, आमच्या हिलाही लागते." तशी नव्हे. आत्याला उभी गाडी लागायची. बोरी बुद्रुकला एसटी येऊन थांबली आणि डिझेलचा वास सुटला, की आत्या पदर तोंडाला लावून बाभळीमागे जायची. एकदा जत्रेत फिरता पाळणा नुसता बघून तिला उलटी झाली होती, आणि पाळण्यात बसलेले लोक वरून तिच्याकडे काळजीने बघत होते. टीव्हीवर विमान उडालं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि विचारायची, "उतरलं का गं?"

उपाय सगळे करून झाले होते. लिंबू हुंगलं, आलं चघळलं, आवळा सुपारीच्या पुड्या संपवल्या. कुणी सांगितलं, पोटाला वर्तमानपत्र बांधा. आत्याने रविवारची अख्खी पुरवणी बांधली आणि आळेफाट्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हरने किल्ली फिरवायच्या आत ती खाली उतरली होती. "पेपरात काय बातमी व्हती कुनाला ठावं," ती म्हणाली, "पोटाला सोसली न्हाई."

तिच्या लग्नाची गोष्ट तिच्या माहेरी, आळ्यात, अजून सांगतात. नवरीला सासरी न्यायला ट्रॅक्टर सजवला होता. आत्या ट्रॉलीत चढली, वाजंत्री सुरू झाली आणि आत्या उतरली. मग नवरदेव फुलांच्या माळांत एकटाच ट्रॉलीत बसलेला आणि नवरी मुंडावळ्या सावरत पुढे चालतेय, अशी वरात आळ्यातून निघाली. वाटेत लोक विचारायला लागले, "नवरा रुसलाय का नवरी?" शेवटी आतोबाही खाली उतरले. पुढे जन्मभर ते तिच्याबरोबर चालले. आता ते नाहीत, पण त्यांच्या चपलांचा खर्च हा घरात कायम चेष्टेचा विषय होता.

चालण्याचं मात्र आत्याला काही वाटायचं नाही. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. पणजोबांच्या वेळेपर्यंत आमचे लोक बिऱ्हाड घोड्यावर लादून नाणेघाटाने कोकणात उतरायचे आणि तसेच चालत परत यायचे. आत्याने मेंढरं राखली नाहीत, शेतीच केली, पण पाय तेच. कुणी गाडीत बसण्याचा आग्रह केला की तिचं ठरलेलं उत्तर होतं, "मानसानं पोचावं. पोचवून घेऊ न्हाई."

हे सगळं हसण्यावारी जायचं, फक्त मंगलचा विषय निघाला की नाही. मंगल तिची मुलगी, सुरतेला दिलेली. जावई चांगला, घर चांगलं, दोन नातवंडं. पण आत्याने लेकीचं घर कधी पाहिलं नव्हतं. मंगलची बाळंतपणं बोरीला झाली, सण बोरीला झाले. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर आत्या कुरडया पाठवायची, लोणचं पाठवायची, आणि डबा परत आला की तो उगाच हातात धरून बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "पोरगी फोनवर म्हनती, आई, मी वट्यापाशी उभी हाय. आता तिचा वटा कसा आसंल, खिडकीपाशी का भितीपाशी, मी कुठं बघितलाय? मी आपली आमच्याच वट्यापाशी तिला उभी करती." एवढं बोलून ती शेण काढायला निघून गेली.

तिचा मुलगा संपत हा अगदी उलट स्वभावाचा. त्याला चाकं असलेलं काहीही आवडायचं आणि त्याने घेतलेल्या एकाही गाडीत त्याची आई कधी बसली नव्हती. मोटरसायकल झाली, पिकअप झाली, जीप झाली. प्रत्येक वेळी आत्या गाडीला हळद-कुंकू लावायची, नारळ वाढवायची आणि मागे सरायची. संपत हसायचा, पण त्याच्या मनाला ते लागायचं. मग एका वर्षी त्याने जहाजच आणलं.

ते म्हणजे कोकणातल्या खाडीतली जुनी दुमजली लाँच होती. लांबलचक ट्रेलरवर चढवून त्याने ते माळशेज घाटातून वर आणलं. त्याला ओतूरकडून जुन्नरला वळायचं होतं, पण जहाज वळेना. म्हणून ते सरळ आळेफाट्याला आलं आणि तिथल्या चौकात वळलं. त्या दिवशी आळेफाट्याला जहाजामुळे वाहतूक तुंबली होती, हे मी सांगितलं तर बाहेरची माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. पण मी स्वतः पाहिलंय. एक म्हातारा बाबा जहाजाला हात लावून पाया पडत होता.

घाटघरच्या वाटेवर जे धरण लागतं, त्याच्या पाण्यात एक टेकाड बेटासारखं उभं आहे. जहाज पाण्यात सोडलं, ते धडधडत त्या टेकाडापर्यंत गेलं आणि तिथे त्याचं इंजिन कायमचं गप्प झालं. त्यातच पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निरोप आला, की जहाजाला तरंगायला परवानगी आहे, हलायला नाही. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. संपतने दोन दोरखंडांनी जहाज टेकाडावरच्या उंबराला बांधलं, रंग दिला, खोल्यांना पडदे लावले आणि रस्त्यावर पाटी ठोकली: 'मातोश्री क्रूझ. एकच बेट, निवांत भेट.' पुण्याहून लोक यायला लागले. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात होडीने ये-जा चालायची. उन्हाळ्यात पाणी ओसरून टेकाडापर्यंत जमिनीची एक पट्टी उघडी पडायची. पलीकडच्या खोल अंगाला जहाज मात्र तरंगतच असायचं.

संपतने हे सगळं बोरीला येऊन सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"हालत न्हाई म्हनतोस?"

"न्हाई आई."

"मुळीच न्हाई?"

"इंजानच बंद हाय."

"आन् चालत जाता येतं?"

"आता उन्हाळ्यात येतं."

आत्याने सूप खाली ठेवलं. "मंग मी येती," ती म्हणाली.

संपत ओसरीच्या कडेला मटकन बसला. जन्मात पहिल्यांदा त्याची आई त्याच्या वाहनात बसणार होती.

आत्या बोरीहून क्रूझला चालत निघाली. सोबतीला मी. पहिला मुक्काम आळ्याला आमच्याच घरी, दुसरा नारायणगावात ओळखीच्यांकडे, तिसरा जुन्नरला. सकाळी लवकर निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली बसायचं. रस्त्याने प्रत्येक गाडीवाला थांबायचा. टोमॅटोच्या पिकअपवाला एक पोरगेला ड्रायव्हर खिडकीतून डोकावून म्हणाला, "मावशी, बसा की. कुठं निघाला?"

"क्रूझला," आत्या म्हणाली.

त्याने गाडी बंद केली. "मावशी, क्रूझ समुद्रात आसती."

"आमची घाटघरच्या वाटंला हाय."

"आन् तितं चालत?"

"मंग काय गाडीनं जाऊ? गाडी लागती मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने आम्हाला ओंजळभर टोमॅटो दिले आणि गेला.

जहाजापाशी संपत पांढरा सदरा आणि सोनेरी पट्ट्याची टोपी घालून उभा होता. आत्या भेगाळलेल्या चिखलावरून चालत आली, फळीपाशी थांबली. एक पाय जहाजावर ठेवला आणि डोळे मिटले. पुण्याची चार पर्यटक माणसं सरबताचे पेले हातात धरून तशीच उभी. मग आत्याने दुसरा पाय उचलला, पदराखाली हात घालून पोटाला बांधलेला पेपर सोडवला आणि संपतच्या हातात दिला. "लागंना की रं," ती म्हणाली. संपतने टोपी काढून तोंडापुढे धरली. रडत होता की हसत होता, कळलं नाही.

दोन दिवसांसाठी आलेली आत्या तिथेच राहिली. "आशी जहाजं बरी," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जातच न्हाईत." वरच्या मजल्यावर, जिथे संपतने आरामखुर्च्या मांडल्या होत्या, तिथे तिने कुरडया आणि सांडगे वाळत घातले. पाहुण्यांना सूर्यास्त बघायचा तर कावळे हाकलायची काठी हातात घेऊन बघावा लागे. एका पाहुण्याने विचारलं, "आजी, इथे करायला काय काय आहे?" आत्याने त्याच्यापुढे लसणाची टोपली ठेवली. गंमत म्हणजे तो पुढच्या महिन्यात पुन्हा आला, बायकोला घेऊन.

घोळ झाला तो गोधड्यांमुळे. आत्याने जहाजावरच्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या आणि त्या वाळत घालायला तिला दोरी हवी होती. जहाजाला दोन दोरखंड होते. तिच्या मते एक जास्तीचा होता. तो तिने सोडला. राहिलेला दुसरा दोरखंड जुना होता, आणि दुपारी वळवाचं वारं सुटलं तेव्हा तो उंबराच्या बुंध्याशी तुटला. जहाज अगदी सावकाश, कुणाला न दुखवता, टेकाडापासून सुटलं.

आत्या खालच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होती. मी वर होते. उंबर लांब जायला लागला तेव्हा मला आधी वाटलं, मलाच चक्कर येतेय. संपत धावत आला, तोंडावर बोट ठेवून. "आईला सांगू नका कुनी," तो कुजबुजला. "तिला कळलं तर लई हाल व्हतील." वीतभर पाण्याला भिणारे पाहुणेसुद्धा, आपण वाहत चाललोय हे विसरून, चवड्यांवर चालायला लागले. एकाने स्वयंपाकघराचा पडदा ओढला. मी आत जाऊन आत्यासमोर बसले आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले.

"लई गार वारं सुटलंय आज," आत्या म्हणाली.

"हो, फारच."

"आन् तू आशी घामाघूम का?"

"चुलीमुळे."

"चूल कुठंय? ग्यास हाय की."

मी पोळी खाल्ली. गरम होती, जीभ भाजली, पण तोंड बंद ठेवायला बरी पडली. आत्या लाटत राहिली, भाजत राहिली, तूप सोडत राहिली. बाहेर संपत हातात वल्ह्याऐवजी आरामखुर्ची घेऊन पाणी मागे सारत होता, असं मला नंतर कळलं. बऱ्याच वेळाने एक मऊ धक्का बसला. जहाज पलीकडच्या काठाच्या चिखलात जाऊन टेकलं होतं.

आत्या पोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे पाहुणे रांगेत उभे, दोषी चेहऱ्यांचे.

"त्यो उंबर," आत्या म्हणाली, "सकाळी हितं व्हता."

शेवटी संपत पुढे झाला. "आई, आपुन पानी वलांडून आलो. तू परवास केलास."

आत्याचं तोंड पांढरं पडलं. ताट माझ्या हातात कोंबून ती कठड्याकडे धावली, वाकली, आणि तशीच वाकून राहिली. आम्ही वाट पाहत होतो. काहीच झालं नाही. ती सरळ झाली, पोटावर हात ठेवला, पुन्हा एकदा खात्रीसाठी वाकली. मग कठड्याला टेकून ती हळूहळू खाली बसली.

"काय न्हाई," ती म्हणाली. आणि मग, कुणाकडे न बघता, "मंजी मंगलीकडं मला कवाच जाता आलं आसतं."

संपत तिच्याशेजारी जाऊन बसला. त्या दुपारी पुरणपोळ्या सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले एक साहेब आले. "हलायला परवानगी नव्हती," ते म्हणाले, "मग जहाज इकडे कसं?" संपत म्हणाला, "साहेब, बेट सरकलं." साहेबांनी डोळे बारीक केले, तेवढ्यात आत्याने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. पंचनाम्यात काय लिहिलं गेलं देव जाणे, पण जहाज आता त्याच काठाला बांधलेलं आहे.

त्यानंतर आत्याने शोध लावला, की हात कामात असले की तिला काही होत नाही. आठवड्याभरात ती सुरतेला निघाली. आळेफाट्याच्या स्टँडवर मी पोचवायला गेले होते. तिच्या मांडीवर मेथीच्या जुड्यांची थैली होती. गाडी सुटली तशी ती निवडायला लागली. संपत बरोबर होता, त्याने नंतर सांगितलं: सापुताऱ्याच्या वळणांवर इतर लोक पिशव्या मागत होते आणि आई प्रत्येकाच्या हातात एकेक जुडी देत होती. कंडक्टरसुद्धा निवडत होता म्हणे. सुरतेला मंगलने दार उघडलं तेव्हा आईने तिला मिठी नंतर मारली. आधी ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरून हात फिरवत उभी राहिली. "खिडकीपाशी हाय," ती म्हणाली. "मी उगाच भितीपाशी धरून चालले व्हते."

आता आमची अडचण अशी झाली आहे, की आत्या सापडत नाही. पूर्वी बोरीला कधीही जावं, आत्या घरात असायचीच. परवा गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आत्या गेल्या." मी काकूंचा हात धरला. "गेल्या म्हणजे?" "द्वारकेला. मंगलीसंग." मी ओट्यावर टेकले आणि आत्याला फोन लावला. मागे कसला तरी गोंगाट होता.

"आत्या, कशी आहेस? कधी येणार?"

"आगं, बरी हाय. तू जेवली का? हिकडं लई गर्दी हाय." मग बाजूला कुणालातरी, "आवं, थांबवा जरा, मी हाय की!" आणि मला, "नंतर बोलती गं बाई, बोट सुटतीया माझी."

आणि तिने फोन ठेवला.