बसच्या शेपटीची जागा

आमच्या टेपला तुम्ही ओळखत नाही, म्हणून आधी तिची ओळख करून देतो. ती माझी पुतणी. माझा धाकटा भाऊ शिंपी. मशीनखाली पडलेल्या चिंध्यांत ती रांगली, आणि हातात काही धरता येऊ लागलं तशी बापाच्या गळ्यातली टेप तिनं आपल्या गळ्यात घातली. मग दार मोज, शेळी मोज, झोपलेल्या आजोबांचा पाय मोज. गावानं नाव ठेवलं ते तिथूनच.

पुढे ही पोर शहरांचा अभ्यास करायला मोठ्या कॉलेजात गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीची पोरं घरी आली. हिला मात्र सरांनी काम दिलं होतं, एका वाढत्या शहरात जाऊन बसनं फिरायचं आणि शहर बसच्या मागं कसं वाढतं ते पाहायचं.

"सुट्टीभर बसमधून हिंडायचं, आणि त्याला अभ्यास म्हणायचं?" माझ्या भावानं विचारलं.

"बाबा, माप घेतल्याशिवाय तुम्ही कात्री लावता का?"

भाऊ उठला आणि तिची पिशवी भरायला लागला.

त्या शहरात तिची मावशी राहायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. चादरी पिळून मनगटं दणकट झालेली, आणि जीभ मनगटाहून दणकट. टेकडीवर, बसच्या शेवटच्या थांब्याशी तिची एक खोली, पुढे दगडी ओटा. ओट्यावर डब्यांत लावलेली फुलझाडं, आणि त्या ओट्याचा तिला राजवाड्याएवढा अभिमान.

टेप रोज सकाळी पहिल्या बसनं निघायची. प्रत्येक रस्त्याच्या टोकापर्यंत जायची, तिथली घरं, दुकानं पाहायची, म्हाताऱ्यांना विचारायची की आधी तुम्ही आलात की आधी बस? संध्याकाळी ओट्यावर बसून सगळं कागदावर उतरवायची. आणि एके संध्याकाळी, मान वर केली तेव्हा, तिला नाकासमोरची गोष्ट दिसली.

बस टेकडी चढून आली. फळवाल्यानं, गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच, गाडी मागं ओढली. समोरच्या बाईनं वाळत घातलेल्या कपड्यांचा बांबू आत घेतला. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी पाय जवळ घेतले. बस सावकाश वळली, तिची शेपटी, म्हणजे मागचा भाग, थांब्यापुढच्या मैदानावरून झाडूसारखी फिरली, आणि गेली. लगेच गाडी पुढं, बांबू बाहेर, पाय लांब. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, इथं सगळ्यांच्या भिंती वाकड्या का गं?"

"वाकड्या तुझ्या बापाच्या शिलाया! आमच्या भिंती चांगल्या आहेत."

पण भिंती वाकड्याच होत्या. आधी तिथं नुसती पाण्याची टाकी होती आणि टाकीवरच्या कामगारांसाठी बस यायची. घरं मागून आली. ज्यानं त्यानं बसची शेपटी जिथून फिरते ती जागा सोडून भिंत घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. सगळी वस्ती एका वळणाभोवती बेतली गेली होती. टेपचं मन उड्या मारायला लागलं. ज्यासाठी आली होती ते सापडलं!

आणि त्याच आठवड्यात वाहतूक कचेरीचे साहेब येऊन त्या मैदानात खुंट्या ठोकून गेले. तिथं प्रवाशांसाठी निवारा होणार होता. पक्कं छप्पर, बाकं, पंखासुद्धा. वस्तीत आनंदीआनंद. हा निवारा मिळावा म्हणून मावशीनं दारोदार फिरून सह्या जमवल्या होत्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

टेपनं खुंट्या पाहिल्या आणि तडक मावशीला गाठलं.

"मावशी, इथं छप्पर झालं तर बस वळणार कुठं?"

"वळेल कुठंतरी. आजवर वळत नाही का?"

"इथंच वळते ना! इथं बांधलं की बस टेकडीखालीच थांबणार. निवारा वर, बस खाली. तू रोज चढ चढून येशील?"

मावशीचे गुडघे धुलाईखान्याच्या ओल्या फरशीनं कधीच खाल्ले होते. पण ती उसळली. "भर उन्हात उभं राहून माझं डोकं तापतंय, आणि ही चार दिवसांची पाहुणी आमचं छप्पर घालवायला निघाली!" त्या दिवसापासून ताट वाढायची, पण शब्द बोलायची नाही.

सुट्टी संपत आली तशी मी टेपला आणायला गेलो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खड्डे खणायला माणसं आली होती, खुंट्यांना दोरी ताणून झाली होती. साहेब छत्री धरून उभे. भला माणूस होता, आवाजही न चढवणारा.

"नकाशात ही जागा मोकळी आहे, बाळ," ते म्हणाले.

"मोकळी नाही, साहेब. बस येते तेवढा वेळ भरलेली असते. कुदळ मारण्याआधी एक बस येऊ द्या, एवढंच म्हणते."

ड्रायव्हरशी तिनं आधीच बोलून ठेवलं होतं. बस आली तशी तिनं चाकांपुढं बादलीभर पाणी ओतलं, आणि मागच्या कोपऱ्याला तळाशी भोकं पाडलेला, चुन्याच्या फक्कीनं भरलेला डबा बांधला. फळवाला गाडी ओढायला धावला. टेप ओरडली, "थांबा काका! आज कुणी काही हलवायचं नाही."

बस वळू लागली. ओल्या चाकांचे पट्टे जमिनीवर उमटले. मागून पांढरी रेघ सरसर फिरली, साहेबांच्या दोरीखालून शिरली आणि निवाऱ्याच्या जागेच्या बरोबर मधोमध पोचली. पुढं फळांची गाडी, बाजूला खुंट्या. बस अडकली. ना पुढं, ना मागं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं काढलं.

"साहेब, आता हिची घडी घालून खिशात नेऊ का?"

सगळी वस्ती हसली. मग एकेकाची नजर फळांच्या गाडीवर, बांबूवर, स्वतःच्या पायांवर गेली, कारण आपण रोज काय करतो ते त्यांना पहिल्यांदा दिसलं होतं. साहेब त्या पांढऱ्या रेघेकडं बघत राहिले.

बसच्या पायरीवर धुलाईखान्यातून आलेली मावशी उभी होती. एक हात दांडीला, एक गुडघ्याला. तिनंही रेघ पाहिली.

"मग छप्पर रद्द?" तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"रद्द कशाला?" टेप म्हणाली. "रेघेच्या बाहेर, भिंतीला लागून लांबट छप्पर बसतं. मी मोजलंय. फक्त..." आणि ती थांबली. रेघेबाहेरच्या त्या पट्ट्यात मावशीचा ओटा होता.

मावशी खाली उतरली. फुलझाडांचा एक डबा उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला. मग दुसरा. "बघत काय बसलात?" ती खणणाऱ्यांवर ओरडली. "खुंट्या इकडं आणा! आणि साहेब, पंखा विसरायचा नाही."

साहेबांनी छत्री मिटली आणि स्वतः पहिली खुंटी उपटली.

टेपचा अभ्यास कॉलेजात मोठ्या मोठ्या माणसांपुढं वाचला गेला. तिच्या सरांनी तो छापला. माझ्या भावानं ते पुस्तक मशीनच्या वर, कात्रीशेजारी ठेवलंय, आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी दाखवतो, माप मग घेतो.

यंदा टेप आणि मी पुन्हा तिथं गेलो होतो. मावशी निवाऱ्यात, पंख्याखाली, कुणाला तरी आपल्या भाचीची गोष्ट सांगत बसली होती. बस आली. शेपटी छपराच्या खांबाजवळून सफाईनं फिरली. मावशीनं गोष्ट न थांबवता, वर न पाहता, पाय जवळ घेतले.